उजवा पाय, पंधरा फ्रेम

माझ्या कामाचं वर्णन एका शब्दात करायचं तर मी चालवतो. गाडी नव्हे. ससे, माकडं, ढेरपोटे हवालदार आणि एकदा तर पाय फुटलेला आंबा. ॲनिमेशनच्या धंद्यात प्रत्येक पात्राची एक चाल आधी बसवून ठेवतात. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं, या हिशेबानं दोनच पावलं नीट करायची, एक डावं, एक उजवं. मग तीच दोन पावलं पुन्हा पुन्हा जोडायची. पात्र जागच्या जागी पाय हलवत राहतं आणि मागचं रान सरकत जातं. बघणाऱ्याला वाटतं गडी पुढं चाललाय. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, आणि हे फक्त पात्रांच्याच बाबतीत खरं आहे असं काही छातीठोकपणे सांगवत नाही.

बारावीनंतर पुण्याला कोर्स केला आणि हैदराबादच्या एका स्टुडिओत लागलो. पहिलं अख्खं वर्ष मी फक्त पापण्या मिटवल्या. कोणाचा चेहरा कोणी केला, कोणाचा आवाज कोणाचा, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. डोळे उघडे आले की मी ते योग्य जागी मिटवायचो. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. एक जण सात वर्षं नुसती तोंडं हलवत होता, संवादाबरहुकूम ओठ. तो आता गेवराईला लग्नाचे व्हिडिओ जोडतो. त्याच्या व्हिडिओत नवरदेव ढगातून उतरतो आणि नवरीच्या हातातून मोर उडतो. आमच्यातला सगळ्यांत सुखी तोच. दुसरा एका क्लासमध्ये ॲनिमेशन शिकवतो. काम करणाऱ्यांची नोकरी जाते, पण शिकणारे येत राहतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं आहे. तिसऱ्यानं हे सगळं सोडून दिलं. पन्नाशीला पोचल्यावर ॲनिमेटर काय करतो हे मला सांगता येणार नाही. असे मी दोघंच पाहिले आणि दोघंही हात चालवायचं सोडून मीटिंगा घेत होते.

लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो परत गेलोच नाही. स्टुडिओनं सांगितलं, घरूनच करा. घर म्हणजे बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला, पिठाच्या गिरणीच्या मागची खोली. मी नववीत असताना वडील वारले, तेव्हापासून गिरणी आई चालवते. खोलीची एक जाळीची खिडकी गिरणीत उघडते. तिथून पीठ येतं, आवाज येतो आणि दळणाला आलेल्या बायकांच्या गप्पा येतात. माझा कीबोर्ड पांढरा असतो आणि दर चार दिवसांनी मी तो रंगाच्या ब्रशनं झाडतो. लाईट आली की भिंतीच्या अलीकडं माझा कॉम्प्युटर सुरू होतो, पलीकडं आईच्या गिरणीचा पट्टा. गेली की दोघं ओट्यावर येऊन बसतो. गावाला माझं काम एवढंच माहीत आहे की मी कार्टून काढतो. पारावरून हाक येते, "काय बे, आज काय काढलंस, उंदीर का मांजर?" मी सांगतो, आज फक्त शेपूट. त्यांना ती थट्टा वाटते.

परवाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लहान मुलांची एक मालिका आली. जंगलातली पात्रं, त्यात एक म्हातारी अस्वलीण. कमरेवर मधाचा हंडा घेऊन ती घरोघर फिरते आणि सगळ्यांना फुकटचे सल्ले देते. तिची चाल बसवायचं काम माझ्याकडं आलं. त्या सुमारास घरून काम करणारे आम्ही तिघं उरलो होतो आणि आमच्या मॅडमनं, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या बाईंनी, फोनवर सरळ सांगून टाकलं होतं की पुढच्या भागांसाठी तिघांतला एकच ठेवणार. कोण, ते या मालिकेवर ठरेल. माझं वय पस्तीस, चालवण्याखेरीज दुसरं काही येत नाही आणि दिंद्रुडात अस्वलांना फारसं काम नाही. थोडक्यात, त्या अस्वलिणीच्या पायावर माझा पाय उभा होता.

मी पहिली चाल पाठवली. मॅडमचा शेरा आला, वजन नाही. दुसरी पाठवली. हंड्याला वजन आहे, बाईला नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसतं फुलीचं चिन्ह पाठवलं. मी तीन दिवस इंटरनेटवर म्हाताऱ्या बायकांच्या चाली बघत बसलो. जपानच्या बघितल्या, पेरूच्या बघितल्या. चौथ्या दिवशी मान वर केली तर खिडकीपलीकडं आई कमरेवर घरच्या ज्वारीचा डबा घेऊन ओट्यापासून गिरणीच्या तोंडापर्यंत चालली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी तिला म्हटलं, "आई, जरा चालून दाखव. व्हिडिओ काढायचाय."

"कावून?"

"कामाला लागतोय."

ती आत गेली, इरकली लुगडं नेसून आली, केसाला पाणी लावून आली. मग रिकाम्या गिरणीत डबा घेऊन अशी चालली की जणू कुणाच्या घरी मुलगी मागायला निघाली आहे. ताठ मान, मोजकी पावलं. मी कपाळावर हात मारला. या कामात हा नेहमीचा घोटाळा आहे. माणसाला सांगून चालायला लावलं की माणूस चालत नाही, चालून दाखवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मोबाईल खिडकीच्या जाळीला टेकवून ठेवला आणि लाईट असेपर्यंत चालू ठेवला.

यावेळी खरी चाल मिळाली. डबे उचलणं, कमरेवर घेणं, चालणं, ओतणं, परत येणं. मधेच कधी ती खिडकीकडं बघायची. कॅमेऱ्याकडं बघितलेला तुकडा आमच्या उपयोगाचा नसतो, त्यात माणूस सावध झालेला असतो. असे तुकडे मी कापून "टाकाऊ" नावाच्या फोल्डरात ढकलले. उरलेल्यातले अकरा सेकंद निवडले आणि एकेक फ्रेम मोजायला बसलो. डावा पाय जमिनीवर टेकलेला राहत होता सतरा फ्रेम. उजवा पंधरा.

आमच्या धंद्यातल्या माणसानं जे समजायचं तेच मी समजलो. मोबाईलचा कॅमेरा मधूनमधून फ्रेम खातो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी म्हटलं, दोन फ्रेम मोबाईलनं खाल्ल्या. इमानदारीत त्या भरून काढल्या, दोन्ही पाय सोळा-सोळा केले आणि चाल पाठवून दिली. मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, हे यंत्र चाललंय, बाई कुठाय?

मग मी तो व्हिडिओ पुन्हा उघडला. त्याच चौकटीत दळणाला आलेल्या दोन बायका चालत होत्या. त्यांचे पाय मोजले तर दोघींचेही दोन्ही पाय सारखे. मोबाईल एकट्या माझ्या आईच्या उजव्या पायाच्या फ्रेम खाईल, हे काही पटण्यासारखं नव्हतं. डब्यामुळं असेल म्हणून ती रिकाम्या हातानं परत येतानाची पावलं मोजली. सतरा, पंधरा. सतरा, पंधरा. उजवा पाय टेकला की तिचं अंग थोडं उजवीकडं कलायचं आणि ती घाईनं डाव्यावर यायची. तिचा उजवा पाय दुखत होता. खुब्यातून दुखत होता, हेही चालवणाऱ्या माणसाला कळतं. गुडघा दुखणारा माणूस वेगळा चालतो.

तीस वर्षं मी तिला चालताना बघत होतो आणि मला हे फ्रेम मोजल्यावर कळलं. पण खरी सांगायची गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही की ते कळलं तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. मी खुर्चीत ताठ बसलो. चाल सापडली होती. अस्वलिणीला सतरा आणि पंधरा दिले, कलणारं अंग दिलं, ती घाई दिली. दुपारी पाठवली आणि चहा व्हायच्या आत मॅडमचं उत्तर आलं. आता जीव आला.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी आईला विचारू शकलो असतो. नाही विचारलं. विचारलं असतं तर ती "न्हाई, काय न्हाई" म्हणाली असती, मग मला आग्रह करावा लागला असता, मग बीडचा दवाखाना, दोन दिवस गेले असते, आणि समोर बावीस प्रसंगांचं काम पडलं होतं. मी मनाशी ठरवलं की मालिका हातावेगळी झाली की न्यायचं. ही टाळाटाळ होती. मला तेव्हाही ती टाळाटाळच वाटली होती.

हिवाळाभर मोबाईल खिडकीत लागत राहिला. अस्वलिणीला बसायचं होतं, उठायचं होतं, पायरी चढायची होती, आणि मला प्रत्येक वेळी नमुना हवा होता. मी वहीत आकडे लिहून ठेवायचो, त्याशिवाय दोन प्रसंगांतली चाल जुळत नाही. पौषात उजवा तेरावर आला. पुढं अकरावर. मी अस्वलिणीलाही अकरा केले. मॅडमनं लिहिलं, म्हातारी भागागणिक छान म्हातारी होत चालली आहे, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझी नोकरी वाचत होती आणि कशावर वाचत होती ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी साबुदाण्याची, भगरीची दळणं घेऊन बायकांची रांग लागली होती. पट्ट्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग पट्टा थांबला. लाईट गेली नव्हती, कुणीतरी बटण बंद केलं होतं. गेलो तर आई ओट्याशी खाली बसलेली, डबा आडवा झालेला आणि भोवती भगर सांडलेली. ती उठायला बघत होती आणि पाय येत नव्हता. "काय न्हाई, मुंग्या आल्यात," ती म्हणाली. दोघी बायकांनी तिला धरून खाटेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी बीडला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी एक्स-रे काचेवर लावला. खुब्यातलं गोल हाड एका बाजूनं चेपलं होतं, फुगा भिंतीला टेकवल्यावर चेपतो तसं. त्यांनी समजावून सांगितलं की हाडाचा रक्तपुरवठा कमी झाला की असं होतं. मग आईला विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

"झाले असतील की पंधरा दिस," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहिले. मी म्हणालो, "तीन महिने."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "इतकं नक्की कसं सांगता?"

मी सांगितलं. दिवाळीनंतर पंधरा फ्रेम, पौषात तेरा, आता अकरा. फ्रेम म्हणजे काय तेही सांगावं लागलं. डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि तीन महिने लिहिलं. ते म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर पायावर भार न देता, छोटं काहीतरी करून बघता आलं असतं. काहींचं हाड टिकतं अजून काही वर्षं. आता बदलावंच लागेल." आई खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत होती. रागानं बघत असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त बघत होती. मला फार लाज वाटली आणि मी एक्स-रेच्या पाकिटावरचं छापील सगळं वाचून काढलं.

ऑपरेशन झालं. मालिकाही स्टुडिओत पोचली. आई वॉर्डात असताना मॅडमचा फोन आला की तिघांतला मी राहिलो आहे. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून धन्यवाद म्हणालो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाबा." चार महिन्यांत तिची काठी सुटली. गिरणीला एक बाई मदतीला ठेवली, पण पट्टा कुणाच्या हातात देत नाही, गिरणीच्या दगडाला टाकी कधी लावायची तेही तीच ठरवते. मी आता मोबाईल लावत नाही, तरी खिडकीतून नजर जातेच आणि डोक्यात आकडे चालू होतात. सोळा, सोळा. मापात चालते ती. माझी पाठवून परत आलेली चाल, जिला मॅडम यंत्र म्हणाल्या होत्या, हुबेहूब तशी.

मालिका यायला लागली तेव्हा मी आईला मोबाईलवर लावून दिली. न दाखवणं जास्त वाईट दिसलं असतं. लाईट नव्हती, आम्ही ओट्यावर बसलो होतो. ससा आला, माकड आलं, मग हंडा कमरेवर घेऊन अस्वलीण आली. आईनं मोबाईल जवळ धरला.

"ही माझ्यागत चालायली."

"हो."

ती अस्वलीण झाडाआड जाईपर्यंत बघत राहिली. "लई दुखत असल तिला," ती म्हणाली. "तुमच्या मॅडमला म्हणावं, हिला बी दवाखान्यात न्या."

मी हसलो नाही. तिला सांगितलंही नाही की मी मॅडमना तेच विचारून चुकलो होतो. पुढच्या भागांत अस्वलिणीचा पाय सरळ करू का, म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, मुलं तिला त्या चालीवरूनच ओळखतात, अजिबात हात लावू नका. मी आईला म्हणालो, "माझं चुकलं आई. मला दिसलं होतं, तेव्हाच न्यायला पाहिजे होतं."

"तुला दिसलं व्हतं, हे मला त्या डॉक्टरपशी कळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला नुसता डबा पायजे."

"म्हणजे?"

"अरे, दसऱ्यापासून मी गिऱ्हाइकाचे डबे उचलायचं बंदच केलतं. पाय लागत व्हता. गिऱ्हाईक आपलं आपलं आणून वतायचं. मग तू खिडकीत मोबाईल लावाय लागलास. मला दिसत न्हाई का? त्याची काच चमकती की जाळीतून. मी म्हणलं, लेकराची नोकरी जायची यळ आलीय, त्याला डबा उचललेला पायजे. मग उचलला. तू मोबाईल काढून घेतला की परत ज्याचं त्यानं."

एवढं बोलून तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. लाईट आली होती. ती उठली, पदर खोचला आणि पट्टा चालू करायला गेली.

मी खोलीत येऊन कॉम्प्युटर लावला आणि "टाकाऊ" उघडलं. हिवाळ्यातले सगळे तुकडे तिथं तारखांप्रमाणे होते. पहिल्यात एक बाई स्वतःचा डबा उचलायला वाकते, आई तिचा हात बाजूला करते, खिडकीकडं बघते आणि डबा कमरेवर घेते. दुसऱ्यातही तेच, बाई वेगळी. तिसऱ्यात एक म्हातारा तिच्या हातातून डबा ओढूनच घ्यायला लागतो, ती त्याला काहीतरी बोलते, तो सोडतो, आणि ती खिडकीकडं बघते. मी शेवटपर्यंत बघितले. प्रत्येक तुकड्याच्या नावापुढं मी तेव्हाच टिपण लिहून ठेवलेलं होतं. कॅमेऱ्याकडं बघते, उपयोग नाही.